एफईटी इलेक्ट्रोस्कोप संच: दिवा विझतो, पण कधी विझतो ते पाहा

शाळांसाठी मिळणारा हा संच प्रभार धन की ऋण हे ओळखायला फार चांगला आहे. माहितीपत्रक मात्र अर्धवट आहे. आत बीएफडब्ल्यू-१० हा एन-चॅनेल एफईटी (फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर; त्याचा गेट नावाचा पाय ऋण झाला की चॅनेल या वाटेतला प्रवाह थांबतो), ९ व्होल्टची बॅटरी, एलईडी, रोधक आणि गेटला जोडलेली उघडी तार. जवळपास प्रभार नसताना दिवा लागलेला असतो.

पत्रक म्हणतं, ‘दिवा विझला म्हणजे ऋण प्रभार’. मुलं इथेच फसतात. लोकरीने घासलेली पीव्हीसी नळी तारेजवळ नेली की दिवा विझतो, हे बरोबर. रेशमाने घासलेली काचकांडी नेताना तो लागलेलाच राहतो, पण कांडी दूर करताना विझतो! कांडी जवळ असताना गेट आणि चॅनेलमधलं जंक्शन फॉरवर्ड बायस होतं, म्हणजे प्रवाहाला वाट देतं, इलेक्ट्रॉन गेटवर येतात आणि कांडी गेल्यावर तिथेच अडकून गेट ऋण करतात. म्हणून नेताना विझला तर ऋण, काढताना विझला तर धन, हे फळ्यावर लिहूनच प्रयोग सुरू करावा.

सुवर्णपत्र विद्युतदर्शीला आधी माहीत असलेला प्रभार द्यावा लागतो. त्यातही पानं जास्त फाकली तरच निष्कर्ष पक्का. ती मिटणं प्रभारहीन धातू जवळ आणल्यानेही होतं. त्या मानाने हा संच सुटसुटीत.

रत्नागिरी-मालवणच्या हवेत खरी अडचण गळतीची. मीठ साधारण ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला पाणी धरून विरघळू लागतं, त्यामुळे खाऱ्या वाऱ्याने सर्किटच्या पट्टीवर बसलेला थर गेटचा प्रभार वाहून नेतो. मग धन प्रभाराची खूण क्षणभरच दिसते. कांडी सावकाश काढली तर दिसतही नाही. ती झटकन काढावी. गेटचा पाय पट्टीत डाखलेला येतो, तो सोडवून हवेत उचलावा आणि तार थेट त्याला जोडावी. पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवावी. काच ओल लगेच धरते, तिला आधी हेअर ड्रायरने शेकावं. पीव्हीसी बरीच तग धरते. तरी आगोटीनंतर हा तास ठेवूच नये. डिसेंबर ते फेब्रुवारीतली कोरडी दुपार उत्तम.

कांडी तारेला टेकवू नये, ठिणगीने एफईटी जातो. गेटशी १ मेगाओहमचा रोधक जोडून दिला असता तर धोका कमी झाला असता. विक्रेत्याकडून सुटा एफईटी जादा मागून घ्यावा.