छत्री एक, टीव्ही दोन: स्प्लिटर की ट्विन एलएनबी?

गच्चीवर फ्री डिशची एकच छत्री, आणि आता आईच्या खोलीतही टीव्ही हवा. (बॉक्स दुसरा लागतोच, ते गृहीत धरा.)

आधी मी केबल टीव्हीचा स्प्लिटर (एका वायरीच्या दोन करणारा जोड) आणला, तर दोन्हीकडे निम्मे चॅनल गायब. त्याच्यावर बारीक अक्षरांत 5-1000 मेगाहर्ट्झ लिहिलेलं. छत्रीच्या वायरीतून येतात 950 ते 2150. मग सॅटेलाइटचा घेतला. स्वस्त पडतो, गच्चीवरून नवी वायर ओढावी लागत नाही. पण सिग्नल निम्म्याहून कमी उरतो, साधारण 4 डीबीची घट. उन्हाळ्यात जाणवत नाही, आषाढात चित्राचे चौकोन होतात. शिवाय स्प्लिटरच्या एकाच तोंडातून बॉक्सची वीज वर छत्रीकडे जात असेल, तर तो बॉक्स बंद केला की दुसराही आंधळा.

एलएनबी म्हणजे छत्रीपुढच्या दांडीवरचं सिग्नल पकडणारं डोकं; ट्विनमधून दोन वायरी निघतात, आणि दोन्ही आउटपुट स्वतंत्र. प्रत्येक बॉक्स 13 किंवा 18 व्होल्ट पाठवून आपलं पोलरायझेशन (लहरींची उभी की आडवी दिशा) आपणच निवडतो, म्हणून भांडण नाही. कटकट एकच, दुसरी वायर. जोडावर रबरी टोपी चढवा, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी शिरतं.

स्वतःचं घर असेल तर माझं मत ट्विनला. भाड्याच्या घरात, मालक भिंतीला भोक पाडू देत नसेल, तर स्प्लिटरवर भागवा.