रेडीमेड कंपाउंड घेताना: प्लेट बघा, पण आधी खड्डा बघा

एन.ए. (बिगरशेती) प्लॉट असो, गोडाऊन असो की द्राक्षबाग, हल्ली कंपाउंड म्हटलं की प्रीकास्टच, म्हणजे कारखान्यात आधीच ओतून आणलेलं. खाचेचे आर.सी.सी. पोल उभे करायचे आणि खाचेत वरून प्लेटा सोडायच्या. पाया नाही, प्लास्टर नाही, आठवड्याभरात प्लॉट बंदिस्त. नुसती हद्द राखायची असेल तर हा माल पैसे वसूल करतो. तरीही दोन पावसाळ्यांत वाकलेली कंपाउंडं जागोजागी दिसतात, आणि त्यात बहुतेक वेळा प्लेटेचा दोष नसतो. दोष पोलाखालच्या खड्ड्याचा असतो.

आधी हिशोब. 10 गुंठ्यांचा प्लॉट 99 बाय 110 फूट धरला तर घेर 418 फूट. पोलाच्या मध्यापासून मध्यापर्यंत 7 फूट धरून साधारण 60 गाळे (दोन पोलांमधली जागा), म्हणजे 60 पोल. 6 फूट उंचीला फूटभर रुंदीच्या सहा प्लेटा, म्हणून 360 प्लेटा. गेटची रुंदी यातून वजा करा. दर चौरस फुटावर सांगतात, तेव्हा पोलाचा जमिनीतला 2 फुटांचा भाग मोजणीत धरलाय का, हे लिहून घ्या. वाहतूक, उतराई आणि खड्ड्यातलं काँक्रीट कोणाकडे, तेही. 6 फूट वर, 2 फूट खाली असा 8 फुटी पोल मुरमाला पुरतो. दीड फूट चौरस, 2 फूट खोल खड्डा 1:2:4 मालाने (सिमेंट, वाळू, खडी) भरला तर 60 खड्ड्यांना 40 ते 45 गोण्या सिमेंट लागतं. कोणी दहा-पंधरा गोण्यांत काम उरकत असेल तर खड्ड्यात दगड-माती जाते आहे, हे उघड आहे.

काळ्या मातीत 2 फूट अजिबात चालत नाही. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, आणि पोल दरवर्षी थोडा थोडा कलतो. मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. त्यासाठी 9 किंवा 10 फुटी पोल मागवावा लागला तरी मागवा. पैसे वाचवायचेच असतील तर उंची एका प्लेटने कमी करा, खोली नको.

आता प्लेट. 7 फूट बाय 1 फूट बाय 2 इंचाची प्लेट 80 किलोच्या आसपास भरते. साच्यातून दुसऱ्या दिवशी काढतात आणि मागणी असली की चौथ्या दिवशी गाडीत चढवतात. इथेच माल कच्चा राहतो. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456 प्रमाणे साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि पीपीसीसारख्या (पोझोलाना मिसळलेल्या) मिश्र सिमेंटला 10 दिवस पाणी मारलं पाहिजे. कारखान्यावर जाऊन प्लेटांवर तारीख टाकलेली आहे का ते बघा. एक प्लेट विकत घेऊन तिथेच फोडा: आतली लोखंडी तार मधोमध आहे की एका अंगाला चिकटलीय, लगेच कळतं. पृष्ठभागाजवळची तार गंजून फुगते आणि काँक्रीट उडवते. कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेने हे फार लवकर होतं. साइटवर प्लेटा आडव्या थप्पीने रचू देऊ नका, त्या मधोमध तडकतात. कडेवर उभ्या टेकवायच्या.

बसवताना आधी टोकाचे दोन पोल, मग लाईनदोरी. दोन पोलांमध्ये खालची एक प्लेट ठेवूनच अंतर पक्कं करायचं, दोन्ही अंगांनी ओळंबा बघायचा, मग माल टाकायचा. बाकीच्या प्लेटा त्याच दिवशी चढवल्या की ओल्या मालात पोल हलतो. दोन-तीन दिवस थांबा. अंतर कमी पडलं की कामगार हातोड्याने प्लेटेचा कोपरा ठेचून घुसवतात. तिथे तार उघडी पडते, गंज तिथूनच सुरू. अंतर जास्त झालं तर प्लेट खाचेत जेमतेम टेकते आणि गुरांच्या धक्क्यानेही निसटते. दोन्ही बाजूंना किमान एक इंच तरी आत गेलेली हवी.

कोपऱ्याचे पोल वेगळे येतात, काटकोनात खाचा असलेले. ते मोजून मागवा. नाहीतर साइटवर साधा पोल फोडून खाच पाडतात. तारेचं कुंपण वर लावायचं असेल तर भोकं साच्यातच ठेवून घ्या.

उतारावर प्लेटा पायरीने बसतात आणि खाली फट राहते. ती मातीने नव्हे, दगडी जोत्याने भरा, पाण्याला वाट ठेवून. भराव करून या भिंतीला माती लावणं मात्र सर्वात मोठी चूक आहे. 2 इंची प्लेट मातीचा दाब पेलायला बनवलेलीच नाही. पावसात भिजलेला भराव मधली प्लेट आधी फुगवतो, मग फोडतो. भराव असेल तिथे तेवढ्या लांबीला दगडी किंवा आर.सी.सी. भिंतच बांधा.

गेटही या पोलाला टांगू नका. बाजूला वेगळा कॉलम, वेगळ्या फुटिंगवर. आणि खड्डे मारण्याआधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या: हद्द चुकली तर प्लेटा निघतात, पण काँक्रीटमधले पोल फोडूनच काढावे लागतात.