यकृताच्या रुग्णासाठी म्हणून विकलेली प्रोटीन पावडर

माझे थोरले बंधू अण्णा यांना लिव्हर सिरॉसिस, म्हणजे यकृत निबर होऊन निकामी होत जाण्याचा आजार, आहे. पोटात पाणी साचते, आणि दंड तर इतके उतरले होते की सदऱ्याच्या बाह्या खुंटीवर अडकवल्यासारख्या लोंबत. अशात सांगलीला विश्रामबागेतील एका मोफत शिबिरात त्यांना वजनकाट्यासारख्या यंत्रावर उभे करून स्नायू घटल्याचा छापील कागद देण्यात आला आणि ‘खास लिव्हरच्या पेशंटसाठी’ म्हणून पावडरीचे ५०० ग्रॅमचे तीन डबे, प्रत्येकी ४,८०० रुपयांना, आमच्या गळ्यात मारण्यात आले. बिल मागितले, तर साधी चिठ्ठी मिळाली.

पैसे गेले ते गेलेच, परंतु खरा घात विक्रेत्याच्या सल्ल्याने झाला. ‘लिव्हरवर भार नको, डाळ, अंडी, दूध बंद करा,’ असे त्याने सांगितले, आणि सिरॉसिसमध्ये प्रथिने वर्ज्य ही जुनी समजूत आमच्याही घरात असल्याने ते सर्वांना पटले. तीन आठवड्यांनी त्याच यंत्राने दोन किलो वजन वाढल्याचे दाखवले, तेव्हा पेढे वाटायचेच काय ते राहिले होते. मिरजेच्या डॉक्टरांनी अण्णांच्या नडगीवर अंगठा दाबून उचलला. खळगा तसाच राहिला. वाढले होते ते पाणी होते, आणि अंगात पाणी साचलेले असताना अशा यंत्राच्या आकड्यांवर विसंबता येत नाही, असे त्यांनी सांगितले.

तेथील आहारतज्ज्ञ बाईंनी डब्यावरचा तक्ता वाचला: ३० ग्रॅम पावडरीत प्रथिने ६ ग्रॅम, बाकी बहुतेक साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पिष्टमय भुकटी. दिवसाची दोन मापे म्हणजे जेमतेम दोन अंड्यांची प्रथिने, आणि त्यांच्यासाठी आम्ही रोज पावणेसहाशे रुपये मोजत होतो! अण्णांना पाणी वगळून धरलेल्या वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोंना रोज ६६ ते ८२ ग्रॅम प्रथिने हवी होती. शिवाय झोपण्यापूर्वी थोडे खाणे आवश्यक होते, कारण आजारी यकृतात साखरेचा साठा पुरेसा राहत नाही आणि रात्रीच्या उपासात शरीर स्नायूच मोडून गरज भागवते. डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ हेही बारीक इंग्रजीत होते. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक १४ आकडी असतो. यावरचे आकडे पुतणीने मोजले, ते १३ भरले.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर आणि अन्न व औषध प्रशासनाकडे मी तक्रार नोंदवली. दोन्हीकडे पहिली मागणी पक्क्या बिलाची झाली. माझ्याजवळ ती चिठ्ठी आणि तिसऱ्या डब्यातील निम्मी पावडर एवढेच आहे.