नौपाड्यातलं मुलांच्या मानसोपचाराचं क्लिनिक: चार स्टार, एक वेटिंगचा कापला

चार महिने झाले जातोय म्हणून आता लिहितेय, पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर नुसती रड लिहिली असती. साडेसहाची अपॉइंटमेंट आणि नंबर लागला पावणेनऊला, लिफ्ट बंद, पंखा एकच आणि तो पण रिसेप्शनकडे तोंड करून. त्यात माझा पंधरा वर्षांचा मुलगा तीन रात्री जागा, तरी थकवा म्हणून नाही, सारखा जिना चढउतर करत होता.

आधी दुसरीकडे दाखवलं होतं. तेव्हा तो गप्प गप्प असायचा, डबा तसाच परत यायचा, त्यांनी डिप्रेशन सांगून गोळी दिली आणि दहा-बारा दिवसांत हा रात्री दोन वाजता सायकल सुटी करून हॉलमध्ये पार्ट मांडून बसला, सकाळी म्हणतो आई मी सायकलींची कंपनी काढतोय. मला वाटलं बरा झाला! या डॉक्टरबाईंनी आधीच्यांना नावं नाही ठेवली. म्हणाल्या या वयात बायपोलर, म्हणजे मूड कधी खूप वर तर कधी खूप खाली जाण्याचा आजार, बऱ्याचदा आधी डिप्रेशनच्याच रूपात येतं, तेव्हा ओळखणं अवघड असतं, आणि नुसत्या डिप्रेशनच्या गोळीने काहींचा मूड असा वर उसळतो.

आम्ही मेंदूचा एमआरआय काढून नेलेला, साडेसात हजार गेले. त्यांनी बघून बाजूला ठेवला, म्हणाल्या नॉर्मल आहे, आणि बायपोलर असा फिल्मवर दिसत नाही. अभ्यासात अशा मुलांच्या गटात अमिग्डाला सरासरीने थोडा लहान दिसलाय, पण एका मुलाची फिल्म बघून निदान होत नाही. मग प्रिस्क्रिप्शनच्या मागे पेनाने डोकं काढलं, आत बदामाएवढा गोळा, तो अमिग्डाला, भीती राग आनंद सगळं तिथे पटकन पेटतं, आणि कपाळामागे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, तो आवर घालतो पण पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. मी मनात म्हटलं हे तर आपलं घोडबंदर रोड, गाड्या आधी आल्या आणि रस्त्याचं काम चालूच. हे सगळ्याच मुलांचं असतं हो, पण बायपोलरमध्ये या दोघांचा ताळमेळ आणखी कच्चा असतो, आणि झोप मोडली की मूड उलटायला निमित्त मिळतं. आमचं नेमकं दहावीचं जागरण.

त्यांचा सगळ्यात चांगला प्रश्न म्हणजे, "हा पहिल्यापासून असाच चिडका आहे, की आत्ता वेगळाच मुलगा वाटतोय?" कायमची चिडचिड वेगळी, आणि आठवडाभर टिकणारी, झोप न लागणारी, स्वभावच बदलणारी लाट वेगळी. मग घरात कोणाला असं काही होतं का विचारलं तर आमचे हे खिडकीबाहेर बघायला लागले. नंतर हळूच म्हणाले, धाकटे काका ठाण्याच्या मेंटलला होते. लग्नाला अठरा वर्षं झाली, मला आज कळतंय! आमच्याकडे काका "नोकरीला बाहेरगावी" होते. डॉक्टर म्हणाल्या एकच असं जीन नसतं, बरीच असतात, प्रत्येकाचा वाटा थोडा, त्यामुळे कोणाचा दोष काढू नका.

आधीची गोळी त्यांनी थांबवली, लिथियम सुरू केलं, मूड स्थिर ठेवणारं औषध. त्याच्या आधी रक्त तपासलं, थायरॉइड आणि किडनीसाठी क्रिएटिनिन. रक्तातली लेव्हल बघायची तर रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी सॅम्पल द्यायचं. आमचा लॅबवाला पहिल्यांदा संध्याकाळीच घेऊन गेला, ते परत करावं लागलं. दुसऱ्यांदा ०.७ आली, बरोबर आहे म्हणाल्या. पाणी भरपूर प्यायचं, मीठ एकदम बंद करायचं नाही, आणि अंग दुखतंय म्हणून मनाने ब्रूफेन द्यायची नाही, लेव्हल वाढते. हे सगळं हाताने मराठीत लिहून दिलं, तो कागद फ्रिजवर लावलाय.

झोपेची वही पण ठेवायला लावलीय, किती वाजता झोपला, किती वाजता उठला. परवा त्याने स्वतःहून लिहिलं, साडेदहा ते सहा, आणि खाली बारीक अक्षरात "आई घोरते".

नवीन पेशंटला पंचेचाळीस मिनिटं देतात, वेटिंग त्याचंच आहे. नुसते रिपोर्ट दाखवायचे तर मंगळवारी दुपारी जा, गर्दी नसते. गाडी नका नेऊ, पार्किंग नाही. लिफ्ट अजून बंदच आहे.