आधी ‘मॉन्टेरे पॉप’ पाहावा की ‘वुडस्टॉक’?

साठच्या दशकातील अमेरिकन रॉक संगीत आणि त्याभोवती उभे राहिलेले हिप्पींचे, म्हणजे रूढ चाकोरी नाकारणाऱ्या तरुणांचे, जग पडद्यावर पाहायचे ठरवले, की दोन माहितीपटांची नावे हमखास पुढे येतात : डी. ए. पेनबेकर यांचा १९६८ चा ‘मॉन्टेरे पॉप’ आणि मायकेल वॉडली यांचा १९७० चा ‘वुडस्टॉक’. पहिला सव्वा तासाच्या थोडा पुढे जातो, तर दुसऱ्याला तीन तासांहून अधिक वेळ द्यावा लागतो. हाताशी मोकळी संध्याकाळ एकच असेल आणि मुख्य ओढ संगीताची असेल, तर ‘मॉन्टेरे’ निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘मॉन्टेरे पॉप’मध्ये चित्रित झालेला संगीत महोत्सव जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे जत्रेच्या मैदानावर तीन दिवस रंगला. पेनबेकर यांनी निवेदक ठेवला नाही आणि मुलाखतीही जवळजवळ नाहीत. खांद्यावर घेऊन फिरता येणारे १६ मिलिमीटरचे कॅमेरे गाणाऱ्याच्या अगदी जवळ जातात आणि मध्येच श्रोत्यांकडे वळतात. रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन जीव तोडून ब्लूज (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या व्यथेतून आलेला गायनप्रकार) गात असताना समोर बसलेली कॅस एलियट, जी स्वतः त्या काळची नावाजलेली गायिका होती, आ वासून पाहत राहते. त्या एका चेहऱ्यावरून जॉप्लिनची ताकद जितकी कळते, तितकी कोणत्याही समीक्षेतून कळणार नाही. रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स येथेच गिटारवर ज्वलनशील द्रव ओतून ती पेटवतो. पंडित रविशंकर यांना हा प्रकार मुळीच रुचला नव्हता, आणि खंडेनवमीला वाद्याची पूजा करणाऱ्या घरातील माणसाला त्यांची अस्वस्थता वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

मराठी श्रोत्यासाठी या चित्रपटाचे खरे आकर्षण शेवटी आहे. पेनबेकर यांनी अखेरची सुमारे १८ मिनिटे, म्हणजे चित्रपटाचा जवळपास पाव हिस्सा, रविशंकर यांची सतार आणि अल्लारखाँ यांचा तबला यांना दिली आहे. सुरुवातीला कितीतरी वेळ केवळ सतार ऐकू येते आणि पडद्यावर मैदानात रेंगाळणारी माणसे दिसतात. वादक त्यानंतर समोर येतात, आणि लय चढून सवाल-जवाब रंगू लागले की तीच गर्दी खुर्च्यांच्या कडेवर सरसावून बसलेली आढळते.

‘वुडस्टॉक’चा विषय मात्र गर्दी हाच आहे. ऑगस्ट १९६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बेथेल येथे मॅक्स यासगर यांच्या दुग्धव्यवसायाच्या शेतावर भरलेल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाला चार लाखांहून अधिक माणसे जमली; पाऊस, चिखल आणि अन्नाची टंचाई हे सगळे चित्रपटात आहे. यातील सर्वांत बोलका प्रसंग गाण्याचा नाहीच. फिरती शौचालये साफ करणारा एक कामगार काम करता करता सहज सांगतो, की त्याचा एक मुलगा याच गर्दीत आहे आणि दुसरा व्हिएतनामच्या युद्धात. दोन-तीन चौकटींत विभागलेला पडदा ही या चित्रपटाची ओळख आहे, आणि त्याच्या संकलकांत थेल्मा शूनमेकर व मार्टिन स्कॉर्सेसी होते. हेंड्रिक्सने सोमवारी सकाळी गिटारवर छेडलेल्या अमेरिकेच्या राष्ट्रगीतातून बॉम्बस्फोटांचे आवाज उमटतात, आणि तेवढ्यासाठीही तीन तास बसावे. तथापि रविशंकर येथे पहिल्या रात्री पावसात वाजवून गेले असले, तरी १९७० च्या मूळ चित्रपटात ते नाहीत. चिखलात लोळणारे श्रोते पाहून आपल्याकडच्या पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी आठवल्याचे त्यांनी पुढे सांगितले होते.

या दोहोंनंतर मेझल्स बंधू आणि शार्लट झ्वेरिन यांचा ‘गिमी शेल्टर’ हा माहितीपट अवश्य पाहावा, पण आधी नको. डिसेंबर १९६९ मधील कॅलिफोर्नियातील अल्टामाँटच्या मैफलीत रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचे गाणे चालू असताना झालेली हत्या त्यात चित्रित झाली आहे. त्यापूर्वीचा उत्साह ठाऊक नसेल, तर त्या प्रसंगाचा धक्का पुरता पोहोचत नाही.

‘वुडस्टॉक’ मोबाइलवर पाहू नये, कारण विभागलेल्या पडद्यावरील चौकटी तेथे काडेपेटीएवढ्या होतात. ‘मॉन्टेरे’ला छोटा पडदा चालेल, मात्र चांगले हेडफोन हवेत. ‘वुडस्टॉक’ची १९९४ मध्ये आलेली, पावणेचार तासांच्या आसपासची आवृत्तीही मिळते. तिच्यात जॉप्लिन आहे आणि हेंड्रिक्सही अधिक आहे, परंतु पहिल्यांदा पाहणाऱ्याने मूळ आवृत्तीच घ्यावी.