डाउलंडचं ल्यूट-संगीत : पोल्टन-लॅम यांची आवृत्ती घ्यावी का?

घ्यावी. जॉन डाउलंड या इंग्लिश संगीतकाराच्या (१५६३–१६२६) ल्यूटच्या, म्हणजे गिटारसारख्या एका जुन्या तंतुवाद्याच्या, रचना मनापासून वाजवायच्या असतील, तर डायना पोल्टन आणि बेझिल लॅम यांनी संपादलेला, फेबर म्युझिकने लंडनहून काढलेला हा समग्र संग्रह घ्यावाच. पहिली आवृत्ती १९७४ ची, माझ्याकडे आहे ती नंतरची, कागदी बांधणीची. नेटवरच्या फुकट टॅबवर (टॅब म्हणजे टॅब्लेचर, बोटांच्या जागा दाखवणारी लिपी) मी चार वर्षं काढली. त्या चार वर्षांत बोटांना लागलेल्या सवयी मोडायला आता तेवढाच वेळ जातोय.

मी वेंगुर्ल्यात राहते, बँकेतून निवृत्त झाले आहे. ल्यूट माझ्याकडे नाही, गिटार आहे. तिसरी तार अर्ध्या स्वराने उतरवली आणि तिसऱ्या पट्टीवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला की ल्यूटच्या वरच्या सहा तारांची जुळणी तंतोतंत मिळते. डाउलंडच्या ल्यूटला खाली खर्जाच्या जादा तारा असत, ते स्वर मी एक सप्तक वर घेते. एवढं जमवलं की हे पुस्तक गिटारवाल्यालाही पूर्ण उघडं आहे.

संपादित आवृत्तीच कशाला हवी, हे आपल्या लोकांना समजवायला फार शब्द लागू नयेत. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती कशासाठी? नकलांवर नकला होऊन पाठ बिघडला होता म्हणून. इसवी सन १५८४ चं ते साल, तेव्हा डाउलंड विशीत होता. त्याच्या संगीताचं पुढे तेच झालं. फक्त ल्यूटच्या रचनांचं पुस्तक त्याने स्वतः कधी छापलंच नाही. आपल्या न कळत आपल्या रचना कोणी चुकीच्या छापल्या, ही तक्रार त्याने १५९७ च्या गीतसंग्रहाच्या प्रस्तावनेत केलेली आहे. मागे उरल्या त्या मुख्यतः शिष्यांच्या, हौशी लोकांच्या वह्या. त्यांतल्या फार मोलाच्या वह्या मॅथ्यू होम्स नावाच्या, ऑक्सफर्डला आणि मग वेस्टमिन्स्टरला चर्चमध्ये गाणाऱ्या माणसाने लिहिलेल्या. एकच रचना दोन वह्यांत दोन तऱ्हांनी सापडते. पोल्टन-लॅम यांनी हे पाठभेद पाहून पाठ ठरवला, शेवटी टिपा दिल्या आणि प्रत्येक रचनेला क्रमांक दिला. आज कुठलाही ल्यूटवादक ‘पी १५’ म्हणाला (पी म्हणजे पोल्टन) की समजायचं, लाक्रिमे पवान, ही अश्रूंच्या नावाची संथ नृत्यरचना.

होम्सच्या वह्या केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत आणि त्यांची छायाचित्रं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. पुस्तक मिळण्याआधी मी त्यातली काही पानं बाजारात छापून आणली होती. झेरॉक्सवाल्याने पान उलटसुलट करून विचारलं, ‘‘बाईंनू, ही खयची भाषा ओ?’’ प्रश्न रास्त होता. ल्यूटचं टॅब्लेचर म्हणजे सहा रेघा, रेघांवर अक्षरं : ‘ए’ म्हणजे मोकळी तार, ‘बी’ म्हणजे पहिली पट्टी. पण जुन्या हस्ताक्षरात ‘सी’ हे अक्षर थेट ‘आर’सारखं दिसतं. त्यात मागच्या पानाची शाई पुढे फुटलेली. एका जागी असा फुटलेला ठिपका मी कित्येक महिने स्वर समजून वाजवत होते. छापील पान समोर आलं तेव्हा कळलं की तिथे काहीच नाही.

या आवृत्तीत टॅब्लेचरसोबत पियानोच्या संगीतासारखी, रेघांच्या दोन ओळींची स्वरलिपीही आहे, आणि माझ्या मते पुस्तकाचा जीव तिथे आहे. टॅब्लेचर बोट कुठे ठेवायचं आणि तार कधी छेडायची ते सांगतं. स्वर किती वेळ धरून ठेवायचा, ते सांगत नाही. लाक्रिमेच्या सुरुवातीला वरचा आवाज, म्हणजे वरची चाल, चार स्वरांत खाली उतरते, अश्रू ओघळावा तसा. मी तो आवाज नीट वाजवायचे, पण खालचं बोट लवकर उचलायचे, त्यामुळे सगळं कोरडं व्हायचं. स्वरलिपीत खालचे स्वर लांबवलेले दिसले आणि बोट जागीच ठेवलं. त्या संध्याकाळी तेवढंच पुन्हा पुन्हा वाजवत बसले.

उणिवाही आहेत. पुस्तक जाड, स्टँडवर उघडं राहत नाही, मी दोन्ही बाजूंना कपड्यांचे चिमटे लावते. स्वरलिपीमुळे जागा जाते आणि ऐन भरात पान उलटावं लागतं. टिपा सगळ्या मागे, त्याही संक्षेपांनी भरलेल्या, म्हणून एक बोट कायम मागच्या पानात.

मिळवताना मात्र जपा. परदेशातल्या एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याने फोटो या आवृत्तीचा दाखवला आणि पाठवलं दुसरंच : गिटारसाठी केलेलं रूपांतर, टॅब्लेचरची एक ओळ नाही. पैसे परत आले, पण टपालखर्च बुडाला आणि तीन महिने गेले. शेवटी इंग्लंडमधल्या भाच्याने वापरलेली प्रत शोधली आणि गणपतीला येताना बॅगेतून आणली. तेव्हा पैसे भरण्याआधी आतल्या एका पानाचा फोटो मागवाच.

आमच्याकडे जून लागला की पुस्तकाला बुरशी धरते. हे मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवते, वाजवून झालं की लगेच आत.

आता शोध फ्रांचेस्को दा मिलानो या सोळाव्या शतकातल्या इटालियन ल्यूटवादकाच्या रचनांचा. आर्थर नेस यांनी संपादलेली हार्वर्डची १९७० ची आवृत्ती हवी आहे, नवी कुठे मिळत नाही. इटालियन पद्धतीच्या टॅब्लेचरमध्ये अक्षरांऐवजी आकडे असतात आणि सर्वांत वरची रेघ म्हणजे सर्वांत खर्जाची तार, ते वाचायचा सराव मी आत्ताच सुरू केला आहे. सावंतवाडी, कोल्हापूर, गोवा, कुठेही कोणाकडे प्रत असेल तर कळवा. उसनी मागणार नाही. एसटीने येईन, तुमच्याच घरी बसून उतरवून घेईन.