कोयोटसाठी बनवलेला माल बिबट्यापुढे किती टिकतो?

कुत्र्या-मांजरांना जंगली जनावरांपासून वाचवायचं काही ऑनलाइन शोधलं, की समोर येणारा निम्मा माल अमेरिकेतला असतो. तिकडे वसाहतींत कोयोट फिरतं. कोल्ह्याच्या कुळातलं, ९ ते २० किलो वजनाचं हे जनावर अंगणातलं लहान कुत्रं किंवा मांजर उचलून नेतं. त्याच्यासाठी काटेरी जाकीट, भिंतीवरचा फिरता रूळ, लुकलुकणारे दिवे, वासाने पळवायला बाटलीतलं शिकारी जनावराचं मूत असा मोठा बाजार तिथे उभा राहिलाय. तोच माल आता संभाजीनगरलगतच्या सातारा-देवळाईच्या बंगल्यात आणि बीड जिल्ह्यातल्या गेवराईच्या शेतातल्या आखाड्यावरही घरपोच येतो.

आपल्याकडचा पाहुणा मात्र वेगळा आहे. कोल्हा ८-१० किलोचा, लांडगा २० किलोच्या आसपास, शिवाय तडस आणि बिबट्या. बिबट्या ५०-६० किलोचा असू शकतो, झाडावर चढतो आणि ८-१० फुटांची भिंत त्याला फारशी अडवत नाही. तो फक्त डोंगरातच असतो, हा समजही आता उरलेला नाही. ३ डिसेंबर २०१९ ला संभाजीनगरच्या (तेव्हाच्या औरंगाबादच्या) सिडको एन-१ मध्ये भरवस्तीत बिबट्या पकडला गेला. जुलै २०२४ मध्ये त्याच शहरातल्या उल्कानगरीच्या सीसीटीव्हीत तो दिसला. म्हणून खालचा सगळा माल एकाच प्रश्नावर तपासलाय: हे कोल्ह्याला अडवतं की बिबट्यालाही?

आधी भिंतीवरचा रूळ. कंपाउंडच्या माथ्यावर बसवायचा गोल पाइप, पंजा पडला की फिरतो आणि जनावर खाली घसरतं. कोयोटसाठी कल्पना चोख आहे, कारण ते उडी मारून माथ्याला पुढचे पाय अडकवतं आणि मग अंग वर ओढतं. आपला कोल्हा भिंत चढायच्या भानगडीत सहसा पडत नाही. तो गेटखालून, नालीच्या तोंडातून नाहीतर जाळीखाली उकरून आत येतो. बिबट्या तर शेजारच्या लिंबावरून थेट अंगणात उतरेल, रुळाला शिवणारही नाही. त्यामुळे रुळाचे पैसे वाचवा. त्याऐवजी गेटच्या खालच्या कडेला लोखंडी पट्टी मारून जमिनीपासूनची फट २ इंचांच्या आत आणा, नालीच्या तोंडावर गज बसवा आणि कंपाउंडवर झुकलेल्या फांद्या छाटा. एका दिवसाचं काम आहे.

मुताच्या बाटल्या आणि भुकट्या विकत घेऊ नका, यावर जास्त लिहायची गरज नाही. आवाजाच्या यंत्रांबद्दल मात्र सांगायला हवं. माणसाला ऐकू न येणारा, २० किलोहर्ट्झच्या वरचा आवाज सोडून जनावर पळवायचा दावा असतो. कुत्र्याला साधारण ४५ किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला त्याहूनही वर. म्हणजे ज्याला वाचवायचं त्याच्याच कानाशी रात्रभर भोंगा. हालचाल दिसली की पाण्याचा फवारा मारणारं यंत्रही मिळतं. नळाला आठवड्याने पाणी येणाऱ्या शहरात ते कोणी घ्यावं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

काटेरी जाकिटाला पूर्ण नापास करता येत नाही. कापड केवलारसारखं चिवट असतं, मानेवर आणि पाठीवर टोकं असतात. कोयोट लहान कुत्र्याला मानेला किंवा पाठीला धरून उचलतं, तिथे पहिला चावा आत जात नाही आणि मालकाला धावून जायला वेळ मिळतो. पाच-सात किलोच्या कुत्र्याला थंडीत पहाटे फिरवायचं असेल आणि आसपास कोल्ह्यांची कोल्हेकुई असेल, तर वापरायला हरकत नाही. पण कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, ते धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतं. मार्च ते जून जाकीट घातलं, तर बिबट्याआधी उष्माघातच त्याला गाठेल. आणि बिबट्याच्या जबड्यापुढे आणि वजनापुढे जाकिटाचं काही चालत नाही.

त्यापेक्षा आपला काटेरी पट्टा बरा. मेंढरांमागच्या कुत्र्यांच्या गळ्यात दिसतो तोच. बिबट्या आणि लांडगा दोघेही गळ्यावर जातात, म्हणून पट्ट्याचं तत्त्व पक्कं आहे. बनवून घेताना चामडं दुहेरी आणि अडीच ते तीन इंच रुंद घ्या. खिळ्यांची डोकी दोन थरांच्या मध्ये गेली पाहिजेत. एकेरी चामड्यात डोकी आतून मानेला घासतात, आठवड्यात केस जातात आणि पावसाळ्यात तिथे जखम चिघळते. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत. जाळीच्या पिंजऱ्यात ठेवताना पट्टा काढाच, नाहीतर खिळे जाळीत अडकून कुत्रं स्वतःलाच फास लावून घेतं.

आता दिवे. सौर लुकलुक दिवे दोन प्रकारचे मिळतात. एक ठरावीक तालात चमकतो, दुसरा रंग आणि वेळ बदलत राहतो. पहिल्याला जनावर थोड्याच दिवसांत सरावतं, म्हणून घ्यायचाच असेल तर दुसरा घ्या आणि तीन-चार दिवसांनी त्याची जागा आणि उंची बदला. एका बाजूला एक दिवा लावून भागत नाही, जनावर दुसऱ्या बाजूने येतं. पॅनेलवरची धूळ दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा. ऊसतोडीच्या हंगामात रस्त्याकडेच्या घरांवर इतकी धूळ बसते की बॅटरी अर्धवट चार्ज होते आणि पहाटेच्या वेळी, म्हणजे गरज असते नेमकी तेव्हा, दिवा विझलेला असतो.

हालचालीवर लागणारा सेन्सर दिवा बंगल्याला अधिक उपयोगी, कारण त्याने घरातलं माणूस जागं होतं. तो दोन ते अडीच मीटर उंचीवर बसवा. मात्र हा सेन्सर जनावराच्या अंगाची ऊब आणि आजूबाजूचं तापमान यातल्या फरकावर चालतो. मे महिन्यात रात्री नऊलाही भिंती तापलेल्या असतात. तेव्हा फरक कमी पडतो आणि डब्यावर लिहिलेलं अंतर निम्म्यावर येतं. दिवा खराब झाला समजून लोक परत पाठवतात, पण दोष दिव्याचा नसतो. उलट पावसाळ्यात तो उगाचच लागत राहिला, तर काचेवर बसलेली पाल आधी हाकला.

झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं यंत्र, शेतात डुकरांसाठी सगळ्यांनी पाहिलेली असते. आखाड्यावर कुत्री, कोंबड्या, शेळ्या एकत्र असतील तर हे खरंच कामाचं आहे. कोल्ह्यासाठी सगळ्यात खालची तार जमिनीपासून ६ इंचांवर हवी, त्यावर ६-६ इंचांनी आणखी दोन तारा, मग अंतर वाढवलं तरी चालतं. मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते आणि साधारण सेकंदाला एक झटका सोडते. घेताना आयईसी ६०३३५-२-७६ या मानकाचा उल्लेख आहे का ते बघा. झटक्याची ताकद आणि कालावधी जीवघेणा नसावा यासाठीच ते मानक आहे. तारेत घरची लाईट थेट सोडणं हा गुन्हा आहे आणि त्याने माणसं मरतात.

या मशीनबद्दल तक्रारी येतात त्यातल्या बहुतेक अर्थिंगच्या असतात. झटका तारेतून जनावरात, जनावरातून जमिनीत आणि जमिनीतून मशीनकडे परत जावा लागतो. एक सळई ठोकून हे होत नाही. चार-पाच फुटांचे तीन जस्ती पाइप दहा-दहा फुटांवर गाडा, भोवती कोळसा आणि मीठ भरा, तिन्ही एकाच तारेने जोडा आणि उन्हाळ्यात दर चार दिवसांनी तिथे बादलीभर पाणी ओता. एप्रिलमध्ये जमीन कोरडी ठणठणीत झाली की चांगली मशीनही गुदगुल्या केल्यासारखा झटका देते. पावसाळ्यात उलट होतं. गवत वाढून खालच्या तारेला टेकतं आणि झटका गवतातून जमिनीत मुरतो. म्हणून कुंपणाच्या पार शेवटच्या टोकाला टेस्टर लावा. तिथे ५ किलोव्होल्टच्या आसपास दिसलं तरच कुंपण जिवंत समजा. लहान मुलं खेळतात त्या सोसायटीत मात्र याची शिफारस करवत नाही.

एवढं सगळं तपासून आमचं मत असं आहे: पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील, तर ते रात्रीच्या बंद पिंजऱ्यावर घाला. वरून छप्पर, खालून कोबा आणि चारी बाजूंनी जाळी. हा ऑनलाइन मिळत नाही. जे तयार मिळतात ते घडीचे, बारीक तारेचे असतात आणि त्यांचं काम कुत्र्याला आत ठेवणं एवढंच आहे, बिबट्याला बाहेर ठेवणं नाही. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या, पण समोर उभं राहून.

मध्यम कुत्र्यासाठी ६ फूट लांब, ४ फूट रुंद, ५ फूट उंच पुरतो. सांगाडा ३५ बाय ३५ बाय ५ मिलिमीटरच्या अँगलचा, म्हणजे काटकोनी लोखंडी पट्टीचा. हा अँगल मीटरला २.६ किलो भरतो, म्हणजे दाराच्या चौकटीसह ६० किलोच्या आसपास लोखंड. वेल्डिंगवाला किलोवर भाव लावतो, तेव्हा हा आकडा डोक्यात ठेवा. चारही बाजू आणि छत मिळून जाळी १२५ चौरस फूट, शिवाय बाहेरून जमिनीत पसरायची ३० चौरस फूट वेगळी.

जाळी कोंबड्यांची षट्कोनी नको, ती कोल्हाही फाडतो. २ इंच चौकोनाची, १० गेजची जस्ती वेल्डमेश मागा. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, आणि १० सांगून १४ चं बंडल गळ्यात मारणं नवीन नाही. १० गेजची तार सव्वातीन मिलिमीटर भरते, व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावून बघा. मांजर किंवा कोंबड्या ठेवायच्या असतील, तर रानमांजर आणि मुंगसासाठी खालच्या दोन फुटांना आतून अर्ध्या इंचाची जाळी वेगळी लावा.

जाळी अँगलच्या बाहेरून बसवायची. आतून बसवली की बाहेरच्या धक्क्याचा सगळा भार वेल्डिंगच्या टाक्यांवर येतो आणि ते पटापट सुटतात. बाहेरून असली की धक्का अँगलवर जातो. बरेच वेल्डिंगवाले फुटाफुटावर टाका मारून मोकळे होतात. दर ६ इंचांवर टाका मागा आणि वरून २५ बाय ३ मिलिमीटरची लोखंडी पट्टी दाबून घ्या, म्हणजे नखाला धरायला कडच मिळत नाही. टाक्यांवरचं जस्त जळतं, तिथे त्याच दिवशी रेड ऑक्साइड हा गंजरोधक रंग लावा.

दार बाहेर उघडणारं आणि चौकटीवर टेकणारं हवं. बाहेरून ढकललं की ते उलट घट्ट बसतं. कडी एकच, तीही मध्ये, असं करू नका. मध्ये कडी असलेल्या दाराचा खालचा कोपरा पंजाने ओढला की वाकतो आणि तेवढी फट पुरते. वर एक, खाली एक, आणि दोन्हीत खिट्टी.

काळ्या रानात पाया हा वेगळा विषय आहे. ती जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि नुसते गाडलेले खांब वर्षभरात तिरके होतात. मग दाराची कडी कोयंड्यात बसत नाही आणि एक दिवस कोणीतरी ती सुतळीने बांधतं. त्यामुळे पिंजऱ्याखालची काळी माती दोन फूट काढून मुरूम भरा, पाणी मारून धुमसाने ठोका आणि त्यावर ४ इंचांचा कोबा करा. बाहेरच्या बाजूला दीड फूट रुंद जाळी जमिनीत आडवी पसरून मातीने झाका. कोल्हा किंवा तडस भिंतीला लागूनच उकरतो, तिथे नखं जाळीला अडली की तो मागे सरकून पुन्हा उकरत बसत नाही.

छताला पत्र्याखाली जाळी हवीच. नुसता पत्रा बिबट्याने वरून उडी टाकली की स्क्रूसकट उचकटतो. पत्र्यावर उन्हाळाभर कडब्याचा थर किंवा फूटभर वर शेडनेट ठेवा, नाहीतर रात्रीही आत भट्टी असते आणि कुत्रं आत जायलाच नकार देतं. आणि कुत्रं झोपतं त्या कोपऱ्याला खालचे दोन फूट बाहेरून पत्रा मारा. जाळीला टेकून झोपलेल्या कुत्र्याला बाहेरून नखं लागतात, आणि पत्र्यामागचं कुत्रं दिसतही नाही. बाकीच्या बाजू वाऱ्यासाठी उघड्याच ठेवा.

पिंजरा असूनही कुत्रं साखळीने ओट्याला बांधायची सवय असेल, तर पिंजऱ्याचा खर्च वाया. बांधलेलं कुत्रं पळूही शकत नाही आणि भुंकून आपली जागाही सांगतं. अंधार पडायच्या आत त्याला आत घ्या, उजाडल्यावर सोडा. कोंबडीच्या दुकानाचा कचरा सोसायटीमागे पडत असेल, तर तो आधी बंद करा. त्यावर मोकाट कुत्री आणि डुकरं जमतात, आणि त्यांच्यामागे बिबट्या. शेजारी ऊस असेल तर तोडणीच्या दिवसांत जास्त जपा, फड मोकळा झाला की आत दडलेलं जनावर दुसरी जागा शोधतं.

रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि दरवर्षी. कोल्ह्याशी झटापट झाली तर हातात मोजे घालून जखम साबणाने वाहत्या पाण्यात १५ मिनिटं धुवा आणि लस झालेली असली तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बिबट्या दिसला तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. सापळा किंवा विष यातलं काहीही करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि विषाचा तुकडा बहुतेक वेळा गल्लीतलंच कुत्रं खातं.

दोन पावसाळे झाले की पिंजऱ्याच्या खालच्या सहा इंचांत स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा. कोबा आणि अँगल जिथे भेटतात तिथे पाणी साचून लोखंड आतून कुजतं, वर रंग शाबूत असतो. टोक आत गेलं तर तेवढाच तुकडा कापून नवा जोडून घ्या.